वाशिम जिल्ह्यात चहाचे मळे

मराठी साहित्यात एम.ए. करणाऱ्या पोराला कामाचा अनुभव कुठं द्यायचा, हा प्रश्न नव्या शैक्षणिक धोरणानं निर्माण केला आणि उत्तर शोधायचं काम आमच्या सरांवर सोडलं. २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पदव्युत्तरच्या दुसऱ्या सत्रात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं. त्याचे चार क्रेडिट. रसायनशास्त्रवाले माती तपासायला गेले. वाणिज्यवाले सीएंच्या ऑफिसात पावत्या लावायला बसले. मराठीवाले तेवढे व्हरांड्यात उभे राहिले. संतसाहित्याचं ट्रेनिंग घ्यायचं तर घरदार सोडावं लागलं असतं. ग्रामीण साहित्याचं ट्रेनिंग घरच्या वावरात लहानपणापासून चालूच होतं, पण त्याचे क्रेडिट कोणी देत नव्हतं.

सरांनी मला विचारलं, “तुमचं अक्षर कसं आहे?”

“बरं आहे सर.”

“मग तुम्ही जनसंपर्क.”

मी मुळात नम्र माणूस आहे, पण गावाच्या बाबतीत नाही. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथला राजा सर्वसेन स्वतः प्राकृतात काव्य करायचा; ‘हरिविजय’ त्याचंच. राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न लावलं, ते विदर्भातल्या याच वत्सगुल्मात. म्हणजे साहित्याचं लग्नघर आमच्या गावी. शिवाय २०१८ साली नीती आयोगानं महाराष्ट्रातले चार जिल्हे ‘आकांक्षित’ ठरवले, त्यात नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादच्या जोडीला वाशिम. तेव्हा परंपरा घरची होती आणि आकांक्षा सरकारनं पुरवली होती. एवढ्या तयारीनिशी मी एका संस्थेच्या प्रसिद्धी विभागात रुजू झालो. प्रसिद्धी विभागाच्या मते मी फेव्हिकॉल लावायला आलो होतो.

घरी बाबांनी एकच प्रश्न विचारला, “पगार किती?”

“पगार नाही बाबा. चार क्रेडिट भेटतात.”

“ते किराण्यात चालतात काय?”

बाबांचा राग क्रेडिटवर नव्हता, शेजारच्या पोरावर होता. तो माझ्याबरोबर बी.ए. झाला आणि ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने’त लागला. लोक जिला ‘लाडका भाऊ’ म्हणतात ती हीच. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ, पदवीधराला दहा. सहा महिन्यांची मुदत पुढं अकरा महिन्यांवर गेली. अट अशी की उमेदवाराचं शिक्षण चालू नको. म्हणजे शिकणं थांबवल्याबद्दल त्याला दहा हजार मिळत होते आणि शिकणं चालू ठेवल्याबद्दल मी फुकट राबणार होतो. हा हिशेब बाबा मला रोज जेवताना समजावून सांगायचे. अर्थशास्त्राचं एवढं नेमकं व्याख्यान मी कॉलेजातही ऐकलेलं नाही.

संस्था शेतकऱ्यांसाठी काम करणारी. नाव सांगत नाही. माझ्या प्रमाणपत्रावर सही तिचीच आहे. प्रसिद्धी विभाग म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, एक कपाट आणि मॅडम. मी मनाशी काही योजना आखून गेलो होतो: संस्थेची प्रतिमा, जनमत, संवादाची नवी दिशा वगैरे. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं आणि कात्री हातात दिली.

जनसंपर्क कात्रीपासून सुरू होतो, हे कोणत्याच पाठ्यपुस्तकात दिलेलं नाही. सकाळी सगळे पेपर घ्यायचे. आमच्या बातम्या अकोला आवृत्तीच्या आतल्या पानांवर असतात, तिथपर्यंत पोचायचं. संस्थेचं नाव दिसलं की तेवढा तुकडा कापायचा, कोऱ्या कागदावर डकवायचा, वर पेपरचं नाव, तारीख, पान क्रमांक लिहायचा आणि अकराच्या आत फाईल अध्यक्षसाहेबांच्या टेबलावर ठेवायची. कौतुक हिरव्या फाईलमध्ये, तक्रार लाल फाईलमध्ये. लाल फाईलवर साहेब ‘खुलासा करावा’ असं लिहितात आणि मग खुलासा होतो.

वर्तमानपत्राच्या कागदाला दोन बाजू असतात, हे मला चौथीपासून ठाऊक होतं. पण त्या ज्ञानाची गरज अशी अचानक पडेल असं वाटलं नव्हतं. एका सकाळी तिसऱ्या पानावर संस्थेच्या माती परीक्षण शिबिराची बातमी आली, तीन कॉलम, फोटोसकट. मी ती कडा न फाडता कापली, चारही कोपऱ्यांपर्यंत फेव्हिकॉल नीट पसरवला आणि हिरव्या फाईलमध्ये लावली. कामातली ही सफाई बघून मॅडमसुद्धा ‘छान’ म्हणाल्या. त्याच तुकड्याच्या मागच्या बाजूला, चौथ्या पानावर, संस्थेनं वाटलेलं बियाणं नीट उगवलं नाही अशी एका शेतकऱ्याची तक्रार होती. ती आता फेव्हिकॉलखाली गेली होती.

दुपारी साहेबांना मंगरुळपीरहून फोन आला, “साहेब, तुमच्याबद्दल लय छापून आलं बाप्पा आज.”

साहेबांनी हिरवी फाईल समोर ओढली. “हो, वाचलं मी. चांगलं लिहिलंय. धन्यवाद.”

पलीकडं बराच वेळ शांतता. मग रिसोडहून फोन, मग मानोऱ्याहून. संध्याकाळपर्यंत साहेबांनी स्वतःवरच्या टीकेबद्दल कितीतरी लोकांचे मनापासून आभार मानले, एकाला तर ‘असंच लक्ष राहू द्या’ म्हणाले. जिल्ह्यात त्यांच्या मनाच्या मोठेपणाची चर्चा सुरू झाली. शेवटी कोणीतरी मूळ पान व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि मोठेपणा संपला. मॅडमनी कात्रण सोडवण्यासाठी गरम पाण्यात टाकलं. त्यात कौतुक आणि तक्रार दोन्ही सारख्याच वेगानं विरघळली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेपरच्या दोन प्रती यायला लागल्या आणि मला कात्रीवरून काढून प्रेसनोटवर बसवलं. सरकारी भाषेत याला पदोन्नती म्हणतात.

प्रेसनोटचे दोन भाग असतात: नावं आणि इतर. इतर भाग कोणालाही लिहिता येतो. नावं लिहायला आयुष्य जातं. अध्यक्षस्थानी कोण, उद्घाटक कोण, प्रमुख अतिथी कोण, ‘विशेष उपस्थिती’त कोण आणि ‘यावेळी मंचावर’मध्ये कोण, याची एक उतरंड असते आणि ती मॅडमना तोंडपाठ होती. कोणाच्या नावाआधी ‘मा.’ लावायचं, कोणाच्या आधी ‘ना.’, कोणाला ‘लोकप्रिय’ म्हणायचं आणि कोणाला म्हटलं तर दुसरा रागावतो, हे त्या मला समजावून सांगत. सगळ्यात शेवटी ‘आदी मान्यवर’. ज्याचं नाव तिथं गेलं तो पुढच्या कार्यक्रमाला स्वतःही येत नाही आणि ट्रॅक्टरही पाठवत नाही.

शिस्तीच्या बाबतीत मॅडमचं माप मोठं होतं. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान जिल्ह्यात आले होते. पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं आणि वाशिममधूनच पीएम-किसानचा १८वा हप्ता, सुमारे वीस हजार कोटी रुपये, देशभरातल्या ९.४ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांत गेला. तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येक कार्यक्रम त्याच्याशी ताडून बघतात. सतरंजी आखूड पडली तरी मॅडम म्हणायच्या, “पोहरादेवीला असं झालं होतं का?” तिथं लाखाची गर्दी आणि इथं चाळीस खुर्च्या, हा मुद्दा त्यांना मान्य नव्हता.

नावांचा हा सोस आजकालचा आहे, अशी माझी समजूत होती. पण अजिंठ्याच्या १६व्या लेण्यात वराहदेवानं कोरवलेला लेख आहे. हा वराहदेव वत्सगुल्मच्या हरिषेण राजाचा मंत्री, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचा माणूस. लेणं त्यानं दान दिलं आणि लेखात काय लिहिलं? आधी राजघराण्यातली नावं, क्रमानं, प्रत्येकाच्या पराक्रमासकट. मग मंत्र्याचा स्वतःचा मोठेपणा. लेण्याचं वर्णन त्यानंतर. ही जिल्ह्याची पहिली उपलब्ध प्रेसनोट, आणि तिच्यातही नाव चुकलंच; कोरणाऱ्याचं नव्हे, वाचणाऱ्याचं. झिजलेल्या अक्षरांत विद्वानांनी वत्सगुल्म शाखेच्या मूळ पुरुषाचं नाव बरीच वर्षं रुद्रसेन वाचलं. १९३९ साली वाशिमला विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला, तेव्हा तो सर्वसेन असल्याचं पक्कं झालं. शुद्धिपत्रक निघायला चौदाशे वर्षांच्या वर लागली. माझं त्याच आठवड्यात निघालं. तो प्रसंग आता सांगतो.

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. आमच्या भागात चिया नावाचं पीक जोर धरत होतं. मूळ मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं, तुळस-पुदिन्याच्या कुळातलं. बी मोहरीहून बारीक, पाण्यात टाकलं की फुगून बुळबुळीत होतं. शहरातले लोक ते वजन कमी करायला खातात. आमचे शेतकरी ते वजन वाढवायला, म्हणजे खिशाचं वजन वाढवायला लावतात. रब्बीत पेरायचं, साधारण चार महिन्यांत हाती येतं, पाणी बेतानं लागतं आणि वासामुळं रोही-रानडुकरं त्याला तोंड लावत नाहीत. ज्यानं हरभऱ्याच्या वावरात रोह्यांचा कळप रात्रीतून फिरलेला पाहिलाय, त्याला या शेवटच्या गुणाची किंमत कळते. वाशिमच्या बाजार समितीत चियाची खरेदीही होऊ लागली होती. सोयाबीनचा त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात तेवढाही पदरात पडत नव्हता. शेतकरी नव्या पिकाचं नाव ऐकायला कान देऊन बसला होता. संस्थेनं चिया उत्पादकांचा मेळावा ठरवला.

मॅडम म्हणाल्या, “अर्ध्या तासात प्रेसनोट द्या. नावं मी सांगते.”

माझं अक्षर चांगलं असलं तरी टायपिंग वाईट. मराठी कीबोर्डवर ‘ज्ञ’ शोधण्यात माझी उमेद संपते. म्हणून मी फोनला सांगून लिहून घेतलं. डोक्यावर पंखा घरघरत होता, खिडकीखाली ट्रॅक्टर उभा होता, आणि फोनला माझ्यापेक्षा व्यवहारज्ञान जास्त. ‘चिया’ हा शब्द त्यानं कधी ऐकला नव्हता. त्यानं प्रत्येक ठिकाणी विश्वासानं ‘चहा’ लिहिलं.

मजकूर असा तयार झाला: वाशिम जिल्ह्यात चहाच्या लागवडीस शेतकऱ्यांचा वाढता प्रतिसाद. चहा हे रब्बीचे कमी पाण्यात येणारे पीक. चहाच्या पिकास रोही व रानडुकरे तोंड लावत नाहीत. चहा एक चमचा घेऊन रात्रभर पाण्यात भिजत ठेवावा व सकाळी अनशेपोटी प्यावा, वजन आटोक्यात राहते. वाशिम बाजार समितीत चहाची खरेदी होते. मेळाव्यात प्रगतिशील चहा उत्पादकांचा सत्कार.

यानंतर दहा ओळी नावं.

प्रेसनोट तपासणीला गेली. मॅडमची नजर घारीची. मी नमुना म्हणून जिल्हा माहिती कार्यालयाच्या बातम्या समोर ठेवून लिहीत असे, त्यामुळं सुरुवातीला ‘वाशिम, दि. २५ (जिमाका)’ असं उतरलं होतं. मॅडमनी ते लगेच पकडलं, ‘जिमाका’ खोडून ‘प्रतिनिधी’ केलं आणि दुसऱ्याच्या नावानं बातमी देणं किती गंभीर आहे ते सांगितलं. एका संचालकांच्या नावात दीर्घ वेलांटी हवी होती, तीही त्यांनी दिली. मग कागद सचिवांकडं गेला. सचिवांनी स्वतःचं नाव चौथ्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आणलं. मग अध्यक्षांकडं. अध्यक्षांनी ‘लोकप्रिय’च्या जागी ‘कर्तव्यदक्ष’ केलं आणि सही ठोकली. तीन सुशिक्षित, अनुभवी, शेतीत जन्म गेलेल्या माणसांनी तो कागद शेवटपर्यंत वाचला. शेवटपर्यंत म्हणजे शेवटच्या दहा ओळी.

पेपरवाल्यांनीही ती तशीच घेतली. तालुक्याचा वार्ताहर सकाळी कृषी केंद्र चालवतो, दुपारी जाहिराती गोळा करतो, संध्याकाळी बातम्या पाठवतो. त्यानं ‘आपल्या भागात चहा कसा’ एवढा विचार करायचा तर त्याला रात्र पुरली नसती. एका उपसंपादकानं मात्र जीव ओतला. त्यानं मथळा दिला: ‘वाशिममध्ये बहरतोय चहाचा मळा!’ आणि बरोबर आसामातल्या चहा तोडणाऱ्या बायांचा फोटो टाकला.

बातमी पूर्ण वाचणारे जिल्ह्यात एकच लोक निघाले. शेतकरी.

पहिला फोन सकाळी सातला. “साहेब, ते चहाचं बी कुठं भेटते? अन् एकरी किती लागते?”

दुसरा निवृत्त फौजीचा. “मी आसामात होतो नोकरीले. तिथं चार-चार दिवस पाणी उघडत नाई. इथं मार्च महिन्यात कुत्रं सावली सोडत नाई. तुमचा चहा कायच्या भरोशावर येऊन राह्यला, सांगा बरं मले?” त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, त्याच्या बाजूनं सगळं भूगोलाचं पुस्तक होतं.

तिसरा पाटणी चौकातल्या टपरीवाल्याचा. पत्ती आता इथंच पिकणार, तर थेट वावरातून घेतली तर काय भावानं पडेल, हे त्याला हवं होतं. दूध-साखरेचा तो स्वतः बघणार होता.

चौथा मालेगावच्या एका काकांचा. आवाज खोल गेलेला. “तुम्ही लिहिलं तसं केलं. रातभर भिजोला, सकायी पेलो.”

“मग?” मी घाबरतच विचारलं.

“मंग काय! तवापासून डोळ्याला डोळा नाई लागला. वजन कमी झालं, पण ते धावपळ करून.”

पाचवा फोन घरचा होता.

“काऊन रे,” बाबा म्हणाले, “तुह्या संस्थेनं चहा लावा म्हटलं. आपल्या खालच्या वावरात दोन एकर टाकू काय? सोयाबीननं तं जीव घेतला. रोहीबी खात नाई म्हणते.”

बाबांनी एका दमात माझ्यासमोर सगळा हिशेब मांडला: विहिरीचं पाणी किती दिवस पुरेल, सावलीला शेवगा लावता येईल का, तोडणीला बाया कुठून आणायच्या. वर्षभर त्यांच्या बोलण्यात एवढा उत्साह नव्हता.

“थांबा जरा बाबा,” मी म्हटलं. “बातमीत काहीतरी गडबड असंन.”

“कायची गडबड? कोणी लिहिली थे बातमी?”

“माहीत नाही.”

“तू लिहिली असती तं मी इस्वासच नसता ठेवला,” बाबा म्हणाले. “पण खाली एवढ्या मोठ्या मोठ्या लोकाइची नावं हायेत. थे काय खोटं बोलतीन?”

त्या क्षणी मला मॅडमचं सगळं शास्त्र एकदम उमगलं. नावं छापायची असतात, कारण लोक त्यांच्या भरवशावर वावर नांगरतात. आणि नावंवाले आपली वेलांटी बघून सही करतात.

शुद्धिपत्रक काढायचं ठरलं. साहेब म्हणाले, “छोटं काढा. पण नावं राहू द्या, नाहीतर काढून टाकली असा अर्थ होईल.” त्यामुळं आठव्या पानावर, हरवलेल्या बैलजोडीच्या निवेदनाखाली, “चहा ऐवजी चिया असे वाचावे” या एका वाक्यानंतर दहा ओळी नावं पुन्हा छापून आली. सचिव या वेळी दुसऱ्या क्रमांकावर होते.

बाबांना मी शुद्धिपत्रक वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “चिया म्हणजे थे बुळबुळं? थे आपल्या खालच्या वावरात येते काय?” मी होय म्हटलं. “पाहू,” ते म्हणाले. पण आवाजात चहाएवढा दम नव्हता.

मेळाव्याच्या दिवशी मी मागच्या दारानं मंडपात गेलो. बघतो तर खुर्च्या भरून लोक सतरंजीवर, सतरंजी भरून लोक भिंतीला. शुद्धिपत्रक कोणी वाचलेलंच नव्हतं. कोणी चहाचं बी न्यायला आलं होतं, कोणी चहाचं रोप बघायला, आणि बरेचसे जण चहाची बातमी कोणी लिहिली त्याला बघायला. साहेबांनी माईक हातात घेतला आणि हळूच मॅडमना म्हणाले, “पोहरादेवीनंतर अशी गर्दी पहिल्यांदा.” मॅडमनी मान डोलावली. कारण दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

तज्ज्ञ बोलायला उभे राहिले. “चिया या पिकाचा...”

“अन् चहाचं काय?” मागून आवाज आला.

तज्ज्ञांनी अर्धा तास समजावलं की चहाला आम्लधर्मी माती लागते, भरपूर पाऊस लागतो, आणि वाशिमला यातलं काही नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, “हे सगळं खरं हाये बाप्पा. पण प्याले तरी भेटन की नाई?” तेवढ्यावर मेळावा संस्थेच्या हातून सुटला. मला पातेलं आणि दूध आणायला पळवलं. माझ्या कामाच्या अनुभवात मी एकट्यानं तडीस नेलेलं जनसंपर्काचं काम तेवढंच: पाचेकशे लोकांना चहा. त्यात कोणी नाव विचारलं नाही. जाताना मात्र बऱ्याच जणांनी चियाच्या बियाण्याची चौकशी केली, हे माझ्या अहवालात मी ठळक अक्षरात घातलं आहे.

यानंतर संस्थेला वाटलं की मी अनुभव भरपूर घेतला. उरलेले तास दुसरीकडं पूर्ण करावेत असं एक सौम्य पत्र कॉलेजला गेलं आणि मी एका रुग्णालयाच्या रक्तदान शिबिरावर प्रसिद्धीला लागलो. एकदा पोळलेला माणूस. मी ठरवलं, आता बोलून लिहायचं नाही आणि नावात चुकायचं नाही. समूहफोटोसाठी मी सगळ्यांना ओळीनं उभं केलं, डावीकडून एकेकाचं नाव वहीत लिहून घेतलं, वेलांट्या विचारून घेतल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, “तूही ये ना फोटोत.” मला गहिवरून आलं. मी फोन उलटा धरला आणि पुढच्या कॅमेऱ्यानं सगळ्यांसकट स्वतःचा फोटो काढला. मग बातमीसाठी मी स्वतःला कापून टाकलं, वरचा बॅनरही कापला.

माझ्या फोनचा पुढचा कॅमेरा डावं-उजवं उलटं करतो. बॅनरवरची अक्षरं उलटी दिसली असती तर माझ्या लक्षात आलं असतं. म्हणून तर बॅनर ठेवतात. दुसऱ्या दिवशी ‘डावीकडून’ पहिल्या मोठ्या डॉक्टरांच्या नावाखाली मंडपवाला होता आणि मंडपवाल्याच्या नावाखाली मोठे डॉक्टर. मंडपवाल्याला आठवडाभर लोक रस्त्यात थांबवून गुडघे दाखवत होते. त्यानं एकदोघांना शेकायला सांगितलं आणि त्यांना फरकही पडला. डॉक्टरांकडं मात्र एका लग्नाच्या मंडपाची चौकशी आली, ते चिडले. नावं सगळी बरोबर होती, हे मी त्यांना पटवू शकलो नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “तुमचा जनसंपर्क यशस्वी झाला, हे कशावरून मोजाल?”

मी प्रामाणिकपणे सांगितलं, “सर, लोक मला चौकात ओळखतात.”

“कोणत्या नावानं?”

“चहावाला.”

ते हसले आणि त्यांनी चारही क्रेडिट दिले. बाबांना मी गुणपत्रिका दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून आडवी-उभी वाचली आणि विचारलं, “यात तुहं नाव तं बरोबर हाये ना?”

मग पावसाळा सरला आणि नगरपालिकेच्या निवडणुकीची चाहूल लागली. चौकाचौकात वाढदिवसाचे फलक उगवले. प्रत्येक फलकावर एक भावी नगरसेवक हात जोडून उभा, आणि त्याच्याभोवती शुभेच्छुकांचे बटाट्याएवढे चेहरे. एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“हॅलो, थे चहावाले तुमीच काय?”

मी सवयीनं माफी मागायला सुरुवात केली.

“अहो, माफी नोका मांगू. मी आपल्या वार्डातून इच्छुक हावो. किती वर्सं झाली, बॅनर लावून राह्यलो, पेपरात बातम्या देऊन राह्यलो. कोणी वाचत नाई. अन् तुमची थे एक बातमी अख्ख्या जिल्ह्यानं वाचली. तुमी माह्या बातमीत तशी एखादी चूक टाकून द्या. लोकं महिनाभर बोलले पायजेत. पैशाचं पाहून घेऊ.”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला कोणी पैसे देऊ करत होतं. मी व्यवसायाला शोभेल असा आवाज काढला. “चूक कुठं पाहिजे काका? नावात की मजकुरात?”

“नावाले हात नोका लावू!” काका फोनमध्येच दचकले. “नाव, फोटो, वार्ड नंबर बरोबर पायजे. बाकी मंग तुमी वाशिमले समुद्र आणा, माही काई हरकत नाई.”

“काका,” मी म्हटलं, “समुद्राचा रेट वेगळा पडन.”